उसनं

फळ्यावर नियम एकच:
नव्या शब्दाचा अर्थ सांगायचा तो
सापारला कळेल अशाच शब्दांत.
सापार सात वर्षांचा. त्याच्याजवळ इंग्रजीचे
चाळीस शब्द, त्यातले सहा नुसते घोड्यापायी खर्च होतात.

नारीनच्या वरच्या अंगाला आमची शाळा.
एक शेगडी, अकरा पोरं,
एक शब्दकोश, तोही 'एस'पासून पुढे उंदरांनी नेलेला.
त्यामुळे आमच्याकडे 'समर' नाही, 'ट्रेन' नाही,
'सॉरी' नाही, 'थँक यू' नाही.
'स्नो' गेल्याचं कुणालाच दुःख नाही,
तो खिडकीपर्यंत आलेलाच असतो.
बाकीचे आपण करू, मी म्हटलं,
जसे गोवऱ्या थापतो तसे.

लिड: भांड्याची टोपी.
रिव्हर: चालणारं पाणी.
आणि थंडीत? एर्मेकने विचारलं.
थंडीत बसलेलं पाणी, दोघी-तिघी एकदम ओरडल्या.
'ऑलमोस्ट'पाशी मात्र गाडं अडलं.
मी खडू घेऊन उभी, मलाच ते सोपं करता येईना.
मग एर्मेक उठला, दाराशी गेला,
एक पाय उंबऱ्याबाहेर काढला
आणि तसाच थांबला.
'शाळा सुटली,' म्हणाला, 'ऑलमोस्ट.'

इथवर ठीक होतं.
मग आले 'लेंड' आणि 'बॉरो'.
आमच्या बोलीत उसनं ते उसनं,
देणाऱ्याचं तेच, घेणाऱ्याचंही तेच,
हात कुणाचा पुढे आलाय त्यावरून कळतं.
इंग्रजीत मात्र दोघांना दोन वेगळे शब्द,
मधे जणू बँकेची काच.
मी पेन्सिल फिरवून दाखवली:
बॉरो, म्हणजे घेणं आणि परत देणं.
लेंड, म्हणजे देणं आणि परत मिळणं.
सापारने मान डोलावली. सापारला कळलं की झालं.
घरी प्रत्येकाने एक वाक्य लिहायचं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर वह्या.
शेजाऱ्याने आमची कुऱ्हाड बॉरो केली.
मी मामाला मेंढा लेंड केला
(थाप. मेंढा मामाचाच आहे, अख्ख्या गावाला माहीत).
आणि कुंदूझच्या वहीत, रेघेवर नीट बसवलेलं:
मॉस्कोने माझी आई बॉरो केली आहे.

लाल पेनचं टोपण काढून मी बसून राहिले.
कर्ता आहे. कर्म आहे.
काळही बरोबर, सुरू झालेला आणि न संपलेला.
स्पेलिंगमध्ये एक 'आर' कमी होता,
तेवढा घातला.
आणखी काही घालता येईना.

वर्गात तिला विचारलं,
विचारायला नको होतं बहुतेक,
मग लेंड कुणी केली?
तिने पेन्सिल चावली, खिडकीबाहेर बघितलं.
'छपराने,' म्हणाली.
'नवं आहे आमचं. निळं. पत्र्याचं.'
कुणी हसलं नाही.
इथे निम्म्या घरांवर निळे पत्रे आहेत.

सापारने हात वर केला.
'बाई, फळ्यावर चुकलंय.
परत देणं असं लिहिलंय.
व्हेन, ते कुठंय?'

'व्हेन' त्याच्या चाळिसांत आहे
हे मला ठाऊकच नव्हतं.
मी कोशात पाहायचं म्हणून पाहिलं.
'डब्ल्यू' तर केव्हाच उंदरांच्या बिळात.
त्या ओळीपुढे थोडी जागा सोडली
आणि खडू ठेवून दिला.

शेगडीत कोळसा टाकायची पाळी कुंदूझची होती.
ती उठली, झाकण सरकवलं,
लिड, लिड, मागची पोरं पुटपुटली.
पुढचा शब्द 'बॉटल'.
पाण्याचं दप्तर, कुणीतरी म्हणालं,
सापारने लिहून घेतलं,
मग आपले शब्द बोटांवर मोजायला बसला.
दहा बोटं चारदा संपली
तेव्हा शेजारच्याची घेतली.